लेकुरवाळ्या घराचा भाद्रपद

नंदुरबार जिल्ह्यात लहान लेकरांच्या घराला वर्षातला सर्वांत अवघड जाणारा काळ म्हणजे भाद्रपद. पाऊस ओसरायला लागलेला असतो, डोंगर आणि शेते हिरवीगार दिसतात, आणि घरातली कणगी मात्र तळाला गेलेली असते. मागच्या सालचे धान्य संपत आलेले, नवे अजून कणसात. ओढ्यानाल्यांचे पाणी गढूळ, डबक्यांवर डास. निंदणी उरकते न उरकते तोच लवकरच्या पिकांची राखण आणि कापणी तोंडावर येते, त्यामुळे आईबाप दोघेही दिवसभर शेतात. अन्न कमी, दुखणी जास्त आणि लेकराला धरायला मोकळा हात नाही, हे तिन्ही एकाच महिन्यात जमून येते. पुढे आश्विन लागतो, पहिले धान्य घरात येते, आणि लगेच कामासाठी गाव सोडण्याचे दिवस जवळ येतात. या दीड-दोन महिन्यांत इथल्या आईबापांनी कशाच्या आधारावर लेकरे वाढवली आणि तो आधार काळाबरोबर कसा बदलला, याचा इतिहास पिकांच्या नावांत, सणांत आणि सरकारी योजनांच्या तारखांत विखुरलेला आहे.

जिल्हा म्हणून नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्याआधी १९०६ पर्यंत हा सारा मुलूख एकसंध खानदेशात होता, नंतर पश्चिम खानदेशात. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजेच धडगाव, असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येपैकी सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. तापीच्या काठची काळी जमीन, तिथली अहिराणी आणि गुजरी बोलणारी गावे हे एक जग. सातपुड्याच्या उतारांवर विखुरलेले पावरा, भिल, वसावे, पाडवी यांचे पाडे हे दुसरे. आणि नवापूरकडचा मावची, कोकणी, गावितांचा पट्टा हे तिसरे. डोंगरातले गाव म्हणजे घरांची रांग नसते. एक घर या टेकडीवर, दुसरे पलीकडच्या. लेकरू आजारी पडले तर शेजाऱ्याला हाक मारायलाही दरी ओलांडावी लागते. बालसंगोपनाच्या प्रत्येक योजनेला पुढे हाच भूगोल आडवा आला.

जुन्या शेतीत भाद्रपदाच्या उपासमारीवर एक उत्तर होते, आणि ते फार विचारपूर्वक रचलेले होते. सातपुड्यातले शेतकरी ज्वारीबरोबर मोर, बंटी, भादी अशी बारीक धान्ये पेरत. ज्वारी उशिरा हाताशी येते; ही बारीक धान्ये मात्र कमी दिवसांत तयार होतात आणि उताराच्या हलक्या जमिनीतही तग धरतात. त्यांचे उत्पन्न थोडे, कांडायला कष्ट फार, बाजारात भाव जवळजवळ नाही. तरीही पिढ्यानपिढ्या ती पेरली गेली, कारण ज्वारीच्या आधी काही आठवडे लेकराच्या ताटात काहीतरी पडायचे ते त्यांच्यामुळेच. मक्याचेही तसेच. कोवळी कणसे भाद्रपदात भाजायला मिळू लागली की पोरांच्या तोंडावर तकाकी येते, हे डोंगरातल्या कुठल्याही आईला ठाऊक असते. त्याआधीचे दिवस रानभाज्यांवर, कंदांवर आणि ओढ्यातल्या खेकड्या-मासळीवर काढायचे. अंबाडीची भाजी आणि पातळ पेज, एवढ्यावर कित्येक घरांचा श्रावण सरे. नवे धान्य देवाला दाखवल्याशिवाय खायचे नाही हा दंडक भिल आणि पावरा समाजांत पाळला जाई. पहिले कणीस देवापुढे गेले की घरात चूल मोकळी होई.

अक्कलकुव्याच्या पट्ट्यात आणि सीमेपलीकडच्या गुजरातेत याहामोगी ही कुलदेवता मानतात. ‘याहा’ म्हणजे आई. तिचे मोठे ठाणे गुजरातेतल्या देवमोगऱ्याला आहे. मोठ्या दुष्काळात तिने लोकांना धान्य देऊन जगवले, अशी तिची कथा सांगितली जाते. ज्या समाजाने आपल्या सर्वांत मोठ्या देवीला आईचे नाव दिले आणि तिच्या हाती शस्त्राऐवजी धान्य दिले, त्याने भुकेचे किती भाद्रपद पाहिले असतील याची कल्पना त्या कथेवरूनच येते.

शेतात गेलेल्या आईजवळचे सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे झोळी. जुन्या लुगड्याची, बांधाच्या झाडाला किंवा दोन खांबांच्या आधाराने बांधलेली. पाऊस ओसरलेला, ऊन तापू लागलेले, अशा दिवसांत झोळी सावलीबरोबर सरकवावी लागते. झोळीला झोका द्यायला थोरली बहीण बसे, आणि ती स्वतः सहा-सात वर्षांची असे. डोंगरातल्या मुलींची शाळा सुटण्याचे सर्वांत जुने कारण हेच आहे. पाठच्या भावंडाला कडेवर घेणाऱ्या या पोरींच्या श्रमाची नोंद कुठल्याही हजेरीपटावर झाली नाही, पण खानदेशातली शेती त्यांच्याही कंबरेवर उभी राहिली.

भुकेनंतर भीती तापाची. सातपुड्याचा पायथा आणि नवापूरचे जंगल पावसाळा सरतानाच्या हिंवतापासाठी इंग्रजी अमलात कुप्रसिद्ध होते. बाहेरून आलेले अंमलदार या दिवसांत डोंगरात जायला कचरत, दौरे थंडीवर ढकलत. तिथेच राहणाऱ्यांना ती सोय नव्हती. लेकरू तापाने फणफणले की बडव्याला, म्हणजे पाड्याच्या भगताला, बोलवायचे, त्याने दाणे पाहून कोणत्या देवाचा कोप ते सांगायचे, आणि कोंबडे कबूल करायचे. यावर आज हसणे सोपे आहे. पण त्या काळी दवाखाना दोन दिवसांच्या चालीवर होता आणि कोयनेलची गोळी पाड्यापर्यंत पोचत नव्हती. रात्रभर तापलेल्या लेकराजवळ बसलेल्या आईबापांना धीर द्यायला बडव्याखेरीज कोणी येत नव्हते. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला मिशनचे रुग्णालय स्वातंत्र्यापूर्वी उभे राहिले, आणि १९५३ साली देशात हिंवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाल्यावर फवारणीची पथके खेडोपाडी फिरू लागली. तेव्हा कुठे या महिन्यातल्या तापाची धार हळूहळू बोथट झाली.

तापीकाठच्या गावांत हीच भीती व्रतांच्या रूपाने दिसते. श्रावणातल्या शुक्रवारी लेकरांसाठी जिवतीची पूजा, श्रावण अमावास्येला पिठोरी. पिठोरीचे व्रत आई लेकरांच्या आयुष्यासाठी करते, आणि त्याच दिवशी पोळा असतो. बैलांना सजवण्याचा तो दिवस पोरांच्या हाती मातीचे बैल देतो. एकाच तिथीला घरातली माणसे, गोठ्यातले बैल आणि पाळण्यातले लेकरू या तिघांची काळजी एकत्र वाहिली जाते; कुणबी घराची मत्ता म्हणजे हीच तीन. नंदुरबार शहरात मग गणपती बसतात. अनंत चतुर्दशीला दादा गणपती आणि बाबा गणपती यांची हरिहर भेट पाहायला बाप लेकरांना खांद्यावर बसवून नेतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत खानदेशात मुलींची गुलाबाई चालते. शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती मांडायच्या, रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणायची आणि शेवटी झाकून ठेवलेला खाऊ ओळखायचा. तो काय ठेवायचा हा घरोघरच्या आयांचा रोजचा विचार असे. महिनाभर शेजारच्या डझनभर पोरींच्या तोंडी घास घालणारी ही रीत बारकाईने पाहिली तर भाद्रपदातले सामुदायिक पोषणच आहे, जरी तिला तसे कोणी म्हटलेले नसले तरी. कोजागरीला आई ज्येष्ठ अपत्याला ओवाळते आणि नव्या वस्त्राची भेट देते. महाराष्ट्रभर चालणारी ही चाल नंदुरबारच्या गावठाणातही टिकून आहे.

नंदुरबार शहराच्या या दिवसांना एक वेगळे दुःखही जोडलेले आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी छोडो भारत आंदोलनात मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण त्यात गेले. शिरीषकुमारचे वय तेव्हा पंधरा होते. दरवर्षी या दिवशी शहरातल्या शाळांची मुले माणिक चौकातल्या स्मारकापुढे जमतात, आणि पालक आपल्या लहानग्यांना पहिल्यांदा ही हकिगत तिथेच सांगतात.

निसर्गाच्या कोपाने भाद्रपद लांबतो तेव्हा काय होते, ते १८९९-१९०० च्या दुष्काळाने दाखवले. खानदेशात तो छप्पन्नचा दुष्काळ म्हणून ओळखला गेला, कारण विक्रम संवत १९५६ होते. पाऊस गेला आणि भाद्रपदात येणारे बारीक धान्य आलेच नाही. त्याच सुमारास सुरत ते अमळनेर तापी व्हॅली रेल्वे नंदुरबारवरून सुरू झाली. रेल्वेने धान्य आणणे शक्य झाले, आणि पुढच्या काळात माणसे बाहेर नेणेही. या लोहमार्गाने जिल्ह्यातल्या लेकुरवाळ्या घरांचे आयुष्य जितके बदलले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने बदलले असेल.

दुष्काळानंतर जमिनी सावकाराकडे आणि दारूच्या गुत्त्याकडे जात राहिल्या. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदा तालुक्यातल्या मोरवड येथील गुलाम महाराजांनी भिल समाजात दारूबंदीची, स्वच्छतेची आणि सामुदायिक आरतीची चळवळ उभी केली. हजारो कुटुंबे तिच्याभोवती जमली. त्या चळवळीचा घरावर झालेला परिणाम साधा होता: दारूला जाणारे धान्य आणि पैसा घरात राहू लागला. ही गोष्ट सर्वांत आधी आयांच्या लक्षात आली. म्हणूनच पुढे शहादा परिसरात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीत १९७२ नंतर बाया गुत्त्यांवर चालून गेल्या आणि दारूची मडकी फोडली. तो लढा जमिनीचा आणि मजुरीचा होता, हे खरेच. पण मडकी फोडणाऱ्या बायांपैकी पुष्कळजणी लेकुरवाळ्या होत्या, आणि त्यांचा राग घरी उपाशी निजलेल्या पोरांमुळे होता, एवढे लक्षात घेतल्याशिवाय त्या चळवळीचा पूर्ण अर्थ लागत नाही.

सरकारी यंत्रणेला भाद्रपद ओळखायला वेळ लागला. ओळख पटली ती १९७८ मध्ये खावटी कर्ज योजनेने. पावसाळ्यात हाताला काम नसते आणि घरात धान्य नसते, या काळात आदिवासी कुटुंबाने सावकाराकडे जाऊ नये म्हणून आदिवासी विकास महामंडळामार्फत काही धान्य आणि काही रोख रक्कम कर्जाऊ देण्याची ही योजना. ‘खावटी’ हा शब्द शेतकऱ्यांचाच आहे: वर्षाच्या खाण्यापुरते बाजूला काढलेले धान्य. रक्कम लहान होती आणि ती वेळेवर न मिळण्याच्या तक्रारी कायम राहिल्या, तरी राज्यव्यवस्थेने पंचांगातला नेमका महिना धरून लेकरांच्या भुकेचा विचार केला तो इथे पहिल्यांदा. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, कर्जाऐवजी चार हजार रुपयांचे खावटी अनुदान जाहीर झाले. त्यातले निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपात.

दुसरा आधार अंगणवाडीचा. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली आणि नंतरच्या दशकांत ती सातपुड्यात पोचली. सहा वर्षांखालच्या लेकराला दिवसातून काही तास सांभाळणारे, खाऊ घालणारे आणि महिन्याला वजन करणारे घराबाहेरचे हे पहिले ठिकाण. झोळी हलवणाऱ्या थोरल्या बहिणीला शाळेची वाट मोकळी झाली ती मुख्यतः यामुळे. पण पाड्यापाड्यांत विखुरलेल्या गावात अंगणवाडी एका टेकडीवर आणि लेकरे पाच टेकड्यांवर, अशी स्थिती बरीच वर्षे राहिली. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ मध्ये आला. सरकारी नोंदीत दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त बालमृत्यू प्रत्यक्षात होतात, हे त्याने दाखवून दिले आणि कुपोषणाकडे पाहण्याची महाराष्ट्राची दृष्टी बदलली. पुढे २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन आले. २०१५ च्या अखेरीस गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू झाली, आणि पुढच्या वर्षी त्यात लेकरांसाठी अंडी आणि केळी आली. २०१८ पासून सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण महिना पाळला जातो. दिल्लीत कोणत्या विचाराने हा महिना निवडला गेला ते काहीही असो, सातपुड्यापुरती ती निवड अचूक आहे.

नर्मदेच्या काठी या सगळ्याला आणखी एक वळण मिळाले. सरदार सरोवराच्या जलाशयाने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. काही कुटुंबे तळोदा आणि शहाद्याच्या सपाटीवर वसवली गेली, काही वरच्या उतारांवर राहिली. काठची सुपीक जमीन पाण्याखाली गेली आणि मुलांच्या वाटेत जलाशय आला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस धरणाविरोधी आंदोलनातूनच जीवनशाळा उभ्या राहिल्या. पावरी आणि भिली बोलणाऱ्या मुलांना त्यांच्याच बोलीतून शिकवायला सुरुवात करणाऱ्या शाळा. जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला भरला तो सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे पुन्हा भाद्रपदातच. त्यानंतर वर्षभरात करोनाच्या भीतीने लोक लेकरांना अंगणवाडीत आणेनासे झाले. तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी मासेमारीची होडी घेतली, आहार आणि वजनकाटा बरोबर घेतला आणि स्वतः वल्हवत काठावरचे पाडे गाठले. त्या स्वतः दोन लहान मुलांची आई होत्या.

डोंगरातला रुग्ण रस्त्यापर्यंत आणायला अजूनही कापडाचीच झोळी लागते. ती बांबूला बांधतात, दोघे खांदा देतात, अडलेली बाई किंवा फेफरे आलेले लेकरू तिच्यात निजते. पावसाळ्याच्या शेवटी ओढे भरलेले असतात तेव्हा ही पायपीट सर्वांत कठीण असते. लेकराला निजवणारी वस्तू आणि त्याला दवाखान्यात नेणारी वस्तू एकच असावी, ही काही परंपरेची शोभा नव्हे. तो रस्त्यांचा अनुशेष आहे.

लेकराची कागदावरची ओळखही हळूहळू पक्की होत गेली. सोमवारी जन्मलेला सोमा, बुधवारचा बुध्या. जन्माची आठवण वारावरून आणि पिकावरून राही. शाळेत घालताना गुरुजी १ जून ही तारीख टाकून मोकळे होत, आणि त्यामुळे एका पिढीचे निम्मे वर्ग एकाच दिवशी जन्मलेले दिसतात. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देण्यात आला. तेव्हापासून रेशन, खावटी, आहार, आश्रमशाळा, सगळ्यांसाठी लेकराचा कागद जमवणे हे आईबापांचे नवे काम झाले.

आश्विनात घरात धान्य येते आणि हाताला काम मिळते. नंदुरबारच्या बाजारात दसऱ्याच्या सुमारास ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते. शहराबाहेरच्या पथारींवर मिरची वाळू घातली जाते आणि बाया देठे खुडायला बसतात. तान्ही लेकरे तिथेच, तिखट हवेत, कापडाच्या आडोशाला. तापीकाठी कापूस वेचणी लागते. रोजगार हमीच्या कायद्यात सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले कामावर असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची तरतूद आहे. खाजगी शेतात आणि पथारीवर तशी सक्ती नाही, आणि ती असायला हवी.

मोठे स्थलांतर त्यानंतरचे. दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या परिसरात १९५० च्या दशकापासून सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि ऊसतोडीसाठी खानदेशातून माणसे जाऊ लागली. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या मजुरांचा १९७० च्या दशकात सविस्तर अभ्यास केला. तिथे हिशेब माणसांचा नसतो, कोयत्याचा असतो: नवरा तोडतो, बायको पाला काढते आणि मोळी बांधते, हाताशी आलेले पोर मदत करते. मुकादमाची उचल घेतली जाते ती बहुधा पावसाळ्यातच, कणगी रिकामी असताना. भाद्रपदातली भूक अशी पुढच्या सहा महिन्यांच्या घामाला गहाण पडते. बारीक धान्यांची पेरणी कमी होत गेली तसतसे हे गहाण वाढत गेले, असे या दोन घटनांचा काळ शेजारी ठेवून पाहिले तर दिसते. धडगाव तालुक्यात बायफ या संस्थेच्या मदतीने शेतकऱ्यांनी मका, ज्वारी आणि बारीक धान्यांच्या जुन्या वाणांच्या बियाणे बँका चालवल्या आहेत. त्या कामाचे महत्त्व वाण वाचवण्यापेक्षा मोठे आहे. ते उचल टाळण्याचे काम आहे.

जाताना लेकरांचे काय करायचे, हा दर दिवाळीला प्रत्येक घरात होणारा निर्णय. सहा वर्षांवरचे असेल तर आश्रमशाळेत, नाहीतर आजीजवळ. तान्हे असेल तर बरोबर, कारण ते अंगावर पिते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली, आणि त्या आकड्यात ही वाटेवरची लेकरेही आहेत. गाळप हंगाम संपतो उन्हाळ्यात. अंगणवाडीच्या नोंदवहीत सप्टेंबर-ऑक्टोबरला ज्याचे वजन लिहिले गेले, त्या तान्ह्याचे गावातले पुढचे वजन होते ते जूनमध्ये, पेरणीच्या वेळी.